पेन्सिलीचा डोंगर, मोजलेल्या मेंढ्या आणि न मोजलेले पाहुणे

मुलांनो, कंपासपेटी उघडा आणि तुमची पेन्सिल हातात घ्या पाहू. हिला आपण काय म्हणतो? शिसपेन्सिल. आता सांगा, हिच्यात शिसं किती असतं?

उत्तर आहे – कणभरसुद्धा नाही! मग नाव शिसपेन्सिल का पडलं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला खूप लांब जावं लागेल. तेव्हा चला. नकाशाचं पुस्तक काढा, युरोपचं पान उघडा आणि इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यावर बोट ठेवा. वर स्कॉटलंड, डावीकडे आयरिश समुद्र आणि मध्ये डोंगर व तळी. या परगण्याचं नाव कंब्रिया. तिथले लोक परगण्याला 'कौंटी' म्हणतात. आपल्याकडे जिल्हा असतो ना, साधारण तसंच.

याच कंब्रियात 'लेक डिस्ट्रिक्ट' नावाचा सरोवरांचा प्रदेश आहे. इंग्लंडमधली माणसं सुटी मिळाली की इकडे धाव घेतात. सबंध वर्षात दीड कोटीहून जास्त वेळा पाहुण्यांची पावलं इथे उमटतात. आणि इथे कायमची राहणारी माणसं किती? जेमतेम चाळीस हजार! ज्या घरात चार माणसं राहतात तिथे वर्षाला दीड हजार पाहुणे यायला लागले तर कसं होईल, याची कल्पना करा. आजची गोष्ट आहे ती त्या घरातल्या चार माणसांची.

वादळात सापडलेला काळा दगड

आधी पेन्सिलीचं कोडं सोडवू. कंब्रियात बॉरोडेल नावाची एक दरी आहे. तिथे अशी कथा सांगतात की, चारेक शतकांपूर्वी किंवा त्याच्याही आधी एकदा मोठं वादळ झालं. एक झाड मुळासकट उपटलं आणि त्याखाली मेंढपाळांना काळा, तुळतुळीत, मऊ दगड दिसला. हाताला लावला तर हात काळे! मेंढपाळ हुशार. आपल्या मेंढ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या अंगावर खुणा करायला त्यांनी तो वापरायला सुरुवात केली.

हे होतं ग्राफाइट. इतकं शुद्ध आणि इतकं घट्ट ग्राफाइट जगात फार थोड्या ठिकाणी मिळालं आहे. त्याच्या कांड्या कापायच्या, त्यांना दोरा गुंडाळायचा किंवा लाकडात बसवायचं, की झाली लिहायची पेन्सिल! त्या काळच्या लोकांना वाटलं, हा शिशाचाच एखादा प्रकार असावा. म्हणून ते त्याला 'काळं शिसं' म्हणू लागले. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस शेले नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की याचा शिशाशी काहीएक संबंध नाही, हा तर कार्बन आहे! पण तोपर्यंत नाव रुळून गेलं होतं. ती जुनी चूक जगभर फिरली आणि फिरत फिरत आपल्या मराठीतही आली. आजही दुकानात जाऊन आपण शिसपेन्सिलच मागतो. आहे की नाही गंमत?

हे ग्राफाइट तोफेचे गोळे ओतायच्या साच्यांनाही लावत असत. त्यामुळे ते फार मौल्यवान झालं. चोऱ्या होऊ लागल्या. शेवटी १७५२ साली ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदाच केला – काळं शिसं चोरलं तर सक्तमजुरी किंवा हद्दपारी! तुमच्या खिशातली पेन्सिल एके काळी पहाऱ्यात ठेवायची वस्तू होती, बरं का.

पुढे फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध जुंपलं. फ्रान्सला हे ग्राफाइट मिळेनासं झालं. तेव्हा १७९५ साली काँते नावाच्या फ्रेंच माणसाने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मिसळून, भाजून पेन्सिलीची कांडी तयार केली. माती जास्त तर पेन्सिल कडक, माती कमी तर मऊ आणि काळी. तुमच्या पेन्सिलीवर 'एच' आणि 'बी' ही अक्षरं असतात ना, ती याचीच. बॉरोडेलची खाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. पण जवळच्या केझिक गावात पेन्सिलींचे कारखाने निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात तिथे वैमानिकांसाठी गुपचूप खास पेन्सिली बनवल्या. त्यांच्या पोटात गुंडाळलेला नकाशा आणि रबराच्या टोपणाखाली छोटंसं होकायंत्र! शत्रूच्या मुलखात विमान पडलंच तर वाट सापडावी म्हणून. आज केझिकला पेन्सिलींचं संग्रहालय आहे.

चाकाच्या आऱ्यांसारखी तळी

आता जरा प्रदेश पाहू. कंब्रिया आकाराने आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडा लहान. वस्ती मात्र पाच लाखांच्या आसपासच. १९७४ साली कंबरलंड, वेस्टमोरलंड आणि शेजारचे काही भाग जोडून हा परगणा तयार झाला. १ एप्रिल २०२३ पासून इथला कारभार पुन्हा दोन निरनिराळ्या परिषदांकडे वाटून दिला आहे. पण परगण्याचं नाव कंब्रियाच राहिलं.

हजारो वर्षांपूर्वी हिमयुगात इथे बर्फाच्या प्रचंड नद्या होत्या. त्या मधल्या डोंगरावरून चहूबाजूंना सरकत खाली आल्या. जाता जाता त्यांनी दऱ्या खरवडून खोल केल्या. हवा उबदार झाली, बर्फ वितळलं आणि त्या खोलगट दऱ्यांत पाणी साठलं. म्हणून नकाशात पाहिलं तर ही लांबट सरोवरं बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरलेली दिसतात. विंडरमिअर हे त्यांतलं सर्वांत मोठं; सुमारे सतरा किलोमीटर लांब. इंग्लंडमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक सरोवर तेच. वॉस्टवॉटर हे इंग्लंडमधलं सर्वांत खोल सरोवर. आणि स्काफेल पाइक हा इंग्लंडचा सर्वांत उंच डोंगर. उंची ९७८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे उंचीच्या बाबतीत आपण हसू शकतो!

मित्रांना घालायला एक कोडं देतो. लेक डिस्ट्रिक्टमधल्या मोठ्या सरोवरांपैकी 'लेक' हा शब्द खऱ्या नावात असलेली सरोवरं किती? उत्तर – फक्त एक, बॅसनथ्वेट लेक. बाकीच्यांच्या नावात 'मिअर' किंवा 'वॉटर' आहे. ओढ्याला इथे 'बेक' म्हणतात, डोंगराला 'फेल', डोंगरावरच्या छोट्या तळ्याला 'टार्न'. हजारेक वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेले व्हायकिंग लोक हे शब्द मागे ठेवून गेले.

आणि पाऊस? विचारूच नका. ज्या सीथवेट वस्तीजवळ ग्राफाइटची खाण होती, तीच इंग्लंडमधली सर्वांत पावसाळी वस्ती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. समुद्रावरचे ओले वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो. भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्रीचा 'प्रतिरोध पाऊस' शिकलात ना, तोच नियम. फरक एवढाच, की तिथे पावसाळा चार महिन्यांचा नाही. बाराही महिने छत्री जवळ हवी.

डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या हॉनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस झाला. हा ब्रिटनमधला विक्रम ठरला. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणून तुम्हाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथले ओढे उभ्या डोंगरावरून थेट गावात उतरतात. नद्यांना पूर आले, हजारो घरांत पाणी शिरलं. पेन्सिलींचं संग्रहालयसुद्धा पाण्यात गेलं. ते पुन्हा उघडायला २०१७ साल उजाडलं. त्याच्याही आधी, नोव्हेंबर २००९ मध्ये, कॉकरमथ गावाच्या बाजारपेठेतून नदी वाहत होती आणि वर्किंग्टनचा पूल कोसळला. लोकांना पुलावरून मागे पाठवत असलेला एक पोलीस त्या पुलाबरोबर वाहून गेला. कर्तव्य करताना त्याने प्राण दिले.

यान, त्यान, तेथेरा...

सरोवरं पाहायला पाहुणे येतात, पण हा प्रदेश टिकवला आहे तो मेंढपाळांनी. त्यांची मेंढ्या मोजायची जुनी पद्धत ऐका. एक, दोन, तीन, चार, पाच म्हणायचं असेल तर – यान, त्यान, तेथेरा, मेथेरा, पिम्प! पुढे सेथेरा, लेथेरा, होवेरा, दोवेरा, डिक. डिक म्हणजे दहा. पंधराला म्हणायचं बमफिट! म्हणून पाहा मोठ्याने. दरीदरीत उच्चार थोडे बदलतात.

हे आकडे विसापर्यंतच. वीस झाले की एक खडा खिशात टाकायचा आणि पुन्हा 'यान'पासून सुरू. आपल्याकडे आजी-आजोबा 'तीन विसा आणि पाच' असं मोजतात, किंवा बाजारात 'कोडी'वर हिशोब करतात, तसंच हे. शेजारच्या वेल्स देशाच्या भाषेत पाचाला 'पिम्प' म्हणतात आणि दहाला 'डेग'. संस्कृतात पञ्च आणि दश. कान देऊन ऐका, काही साम्य वाटतं? वेल्श आणि संस्कृत या फार दूरच्या का होईना, पण एकाच भाषाकुळातल्या बहिणी आहेत.

इथल्या मेंढीची खास जात आहे, तिचं नाव हर्डविक. कोकरू जन्मतं तेव्हा काळंभोर असतं. वर्षभराने ते तपकिरी होतं आणि वय वाढेल तसं राखाडी, पांढुरकं होत जातं. अगदी माणसाच्या केसांसारखं! लोकर इतकी राठ की तिचा स्वेटर अंगाला टोचतो. पण पाऊस, वारा, बर्फ काही आलं तरी ही मेंढी डोंगर सोडत नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डोंगराच्या माथ्यावर कुंपण नसतं. खाली दऱ्यांमध्ये दगडावर दगड रचून केलेले बांध आहेत – चुना नाही, सिमेंट नाही. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तसे. पण वर सगळं मोकळं. तरी एका शेतकऱ्याच्या मेंढ्या दुसऱ्याच्या रानात सहसा जात नाहीत. का बरं? कारण प्रत्येक मेंढीला आपलं रान ठाऊक असतं. आईच्या मागे मागे फिरताना कोकरू शिकतं – इथवर आपलं, त्या ओढ्यापलीकडे दुसऱ्यांचं. मोठं झालं की ते आपल्या पिल्लाला शिकवतं. याला ते लोक 'हेफ्ट' म्हणतात. किती पिढ्या ही शिकवणी चालत आली आहे, ते मोजता यायचं नाही. शेत विकलं तरी मेंढ्या जमिनीबरोबरच राहतात, कारण त्या दुसरीकडे नेल्या तर त्यांना नवं रान शिकवणार कोण?

कधी एखादी मेंढी भरकटलीच, तर तिच्या कानाला दिलेला काप आणि अंगावरची रंगाची खूण पाहून मालक ओळखतात. या सगळ्या खुणांचं एक पुस्तकच आहे. ते पहिल्यांदा १८१७ साली छापलं गेलं. एका दिवशी सगळे मेंढपाळ जमतात आणि चुकलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत करतात. मग खाणं, गाणं, गप्पा. आपल्या जत्रेसारखंच!

२००१ साली मात्र मोठं संकट आलं. ब्रिटनमध्ये जनावरांना लाळ्या-खुरकत रोगाची साथ आली. रोग पसरू नये म्हणून सरकारने देशभरात साठ लाखांहून अधिक जनावरं मारून टाकली. देशात सुमारे दोन हजार ठिकाणी रोग सापडला, त्यांतली जवळजवळ नऊशे ठिकाणं एकट्या कंब्रियातली. गोठे रिकामे झाले. मेंढपाळ रडले ते केवळ पैशासाठी नव्हे. कळप गेला तर नवा विकत घेता येतो. पण आपलं रान कोणतं, हे नव्या मेंढीला माहीत नसतं. शेकडो वर्षांची शिकवणी एका उन्हाळ्यात तुटायची वेळ आली होती. उरलेल्या मेंढ्यांच्या आधाराने, राखण करत करत, त्यांनी ती पुन्हा जोडली.

त्या साथीत डोंगरावरच्या पायवाटा बंद ठेवल्या होत्या. पाहुणे आलेच नाहीत. हॉटेलं ओस पडली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की मेंढपाळ आणि पाहुणे एकमेकांशी किती बांधलेले आहेत.

डोंगराकडे पाठ करून डोंगर पाहणारे!

हे पाहुणे आले तरी कधीपासून? तीनशे वर्षांपूर्वी इकडे कोणी मुद्दाम फिरायला येत नसे. डोंगर म्हणजे भीतीची जागा असं वाटे. अठराव्या शतकात लोकांची आवड बदलली. १७७८ साली टॉमस वेस्ट यांनी एक मार्गदर्शक पुस्तक छापलं. कोणत्या सरोवराकाठी कोणत्या जागी उभं राहिलं म्हणजे देखावा छान दिसेल, हेसुद्धा त्यात सांगितलं होतं.

तेव्हाच्या हौशी प्रवाशांकडे एक छोटासा काळसर, फुगीर आरसा असे. देखाव्याकडे चक्क पाठ करून उभं राहायचं आणि आरशात देखावा पाहायचा! का, तर तो चित्रासारखा दिसतो म्हणून. टॉमस ग्रे नावाचे कवी १७६९ साली असाच आरसा उघडून चालत होते. लक्ष आरशात, आणि चिखलाच्या वाटेत पडले धपकन! बोटांची सालटी निघाली. तुम्हाला हसू आलं ना? आता आठवा, आजकाल कड्याच्या टोकाला पाठ करून मोबाईल उंच धरणारे लोक. अडीचशे वर्षं झाली, आरसा तेवढा बदलला.

कवी वर्डस्वर्थ यांचं नाव तुम्ही पुढे इंग्रजीच्या पुस्तकात वाचाल. ते इथलेच. १७७० साली कॉकरमथला जन्मले आणि जवळजवळ सारा जन्म या सरोवरांकाठी राहिले. त्यांनीही या प्रदेशावर मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. ते खूप खपलं. पण १८४४ साली विंडरमिअरपर्यंत आगगाडी आणायचं ठरलं तेव्हा मात्र त्यांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहून कडाडून विरोध केला. गर्दीने इथली शांतता जाईल, असं त्यांचं म्हणणं. दुसरे म्हणाले, 'वा! गिरणीत राबणाऱ्या कामगाराने एक दिवस स्वच्छ हवा खाऊच नये की काय? डोंगर काय फक्त शिकल्यासवरल्यांसाठी आहेत?' आगगाडी १८४७ साली आलीच. पण ती विंडरमिअरला थांबली ती कायमची. पुढे डोंगरात कधी गेली नाही.

कोणाचं खरं? वर्गात दोन गट पाडा आणि वाद घालून पाहा. दोन्ही बाजूंना मुद्दे सापडतील, बघा.

पाण्याखालचं गाव

मोठ्या शहरांना नुसती सहल नको होती, पाणीही हवं होतं. मँचेस्टर शहराने आधी थर्लमिअर सरोवरावर धरण बांधलं. १८९४ साली तिथून पाणी मँचेस्टरला पोचलं. सुमारे १५४ किलोमीटर अंतर, आणि वाटेत एकही पंप नाही! सगळं उताराने. इंजिनिअरांची कमालच म्हणायची.

मग हॉजवॉटर सरोवराची पाळी आली. त्याच्या काठी मार्डेल ग्रीन नावाचं चिमुकलं गाव होतं. एक देऊळ म्हणजे चर्च, एक खाणावळ, काही शेतवाड्या. मेंढपाळांची ती जत्रा इथेही भरे. १९२९ साली धरणाचं काम सुरू झालं. १९३५ च्या ऑगस्टमध्ये चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. दफनभूमीतल्या सत्त्याण्णव मृतांचे अवशेष काढून शॅप गावी नेऊन पुन्हा पुरले. घरं पाडली. गाव पाण्याखाली गेलं. १९८४, १९९५, २०१८ अशा कोरड्या सालांत पाणी आटतं आणि मार्डेलचे दगडी बांध, पूल, वाटा उघड्या पडतात. मग ते पाहायला पाहुण्यांची ही गर्दी होते! कोयना किंवा उजनी धरणाच्या पोटात ज्यांच्या आजोबांचं गाव गेलं आहे, त्यांना त्या उघड्या वाटांवरून चालताना काय वाटत असेल, हे मी वेगळं सांगायला नको.

थर्लमिअरच्या वेळी धरणाविरुद्ध लोक लढले आणि हरले. पण त्या लढ्यातून एक विचार पुढे आला – सुंदर जागा सगळ्यांच्या मालकीच्या करून जपायला हव्यात. केझिकजवळचे एक धर्मगुरू, कॅनन रॉन्स्ली, यांनी ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्या साथीने १८९५ साली 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था काढली.

या संस्थेला फार मोठी देणगी दिली ती एका बालसाहित्यिक बाईंनी! बिअ‍ॅट्रिक्स पॉटर. निळा कोट घातलेला पीटर ससा तुम्ही पाहिला असेल. त्याचं पुस्तक १९०२ साली निघालं आणि धडाक्याने खपलं. त्या पैशातून १९०५ साली बाईंनी इथे एक शेतवाडी घेतली. मग आणखी एक, आणखी एक. लंडनमध्ये वाढलेल्या या बाई चिखलात उभ्या राहून हर्डविक मेंढ्या पाळू लागल्या आणि प्रदर्शनात बक्षिसं मिळवू लागल्या. १९४३ साली त्या वारल्या तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टला दिली. त्यांची इच्छा अशी, की त्या डोंगरावर हर्डविक मेंढ्याच राहिल्या पाहिजेत. आजही त्या तिथे आहेत.

वेगळेच पाहुणे

१९४५ सालच्या ऑगस्टमध्ये विंडरमिअरच्या काठी तीनशे मुलं आली. ती सहलीला आली नव्हती. ती ज्यू मुलं होती. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली. बहुतेकांचे आईवडील मारले गेले होते. विमानांनी त्यांना प्राग शहरातून कार्लाइलला आणलं आणि कॅलगार्थ नावाच्या कामगारवसाहतीत ठेवलं. युद्धात तिथे विमान कारखान्याचे कामगार राहत असत. प्रत्येकाला स्वतःची खाट, पांढरी चादर आणि हवा तेवढा पाव मिळाला. काही मुलं उद्याला नाही मिळाला तर, म्हणून पाव लपवून ठेवत. हळूहळू ती फुटबॉल खेळू लागली, सायकलवरून गावात जाऊ लागली. पुढे ती मुलं निरनिराळ्या ठिकाणी गेली, पण म्हातारपणीही विंडरमिअर विसरली नाहीत. कॅलगार्थची ती वसाहत आता नाही. त्या जागी एक माध्यमिक शाळा भरते.

घर कुणाचं?

९ मे १९५१ रोजी लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झालं. २०१७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तो मान नुसत्या डोंगरांना नाही. माणसांनी मेंढ्या राखून, बांध घालून, कविता लिहून आणि लढे देऊन जो प्रदेश घडवला, त्याला तो मान आहे.

पण आज त्या माणसांनाच तिथे राहणं कठीण झालं आहे. असं पाहा. एखादं घर विकायला निघालं की शहरातला पैसेवाला ते सुटीसाठी घेतो, किंवा कोणी ते पाहुण्यांना आठवड्याच्या भाड्याने द्यायला घेतो. किमती वाढतात. गावातल्या तरुण मेंढपाळाला, बसच्या चालकाला, दवाखान्यातल्या नर्सला घर परवडत नाही. ते दूर राहायला जातात. काही खेड्यांत हिवाळ्यात संध्याकाळी पाहिलं तर निम्म्याहून जास्त खिडक्यांत दिवाच नसतो. तरुण आईबाप गेले म्हणजे मुलंही गेली. मुलं गेली की शाळेचा पट घसरतो. पट घसरला की शाळा बंद व्हायची भीती. मी एक शिक्षक आहे, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. शाळेची घंटा वाजायची थांबली की गाव किती गप्प होतं, हे खेड्यातल्या मुलांना चांगलं कळेल.

एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या परिषदांना अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावायची परवानगी मिळाली. कंब्रियातही तो लागू झाला. त्याने किती फरक पडतो, ते पुढच्या काही वर्षांत दिसेल.

दुसरी चिंता पाण्याची. इतके लोक आले म्हणजे सांडपाणी वाढलं. शेतातली खतंही पावसाबरोबर वाहून येतात. त्यांतल्या फॉस्फरसमुळे विंडरमिअरमध्ये उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ माजतं. ते विषारी असू शकतं. मग पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना पाणी पाजू नका, असे फलक लागतात. २०२२ पासून गावकरी आणि शास्त्रज्ञ मिळून सरोवराची तपासणी करतात. ठरलेल्या दिवशी शंभरावर स्वयंसेवक ठिकठिकाणी जाऊन बाटल्यांत पाण्याचे नमुने भरतात. साधी साधी माणसं आहेत ही. पण पाणी घाण झालं असं नुसतं म्हणण्यापेक्षा किती, कुठे आणि कधी झालं हे सांगितलं, म्हणजे कोणालाही ते टाळता येत नाही.

आणि मेंढ्यांवरही सगळे खूश नाहीत, बरं का. काही निसर्गप्रेमी म्हणतात, मेंढ्या कोवळी रोपं खातात, म्हणून डोंगर बोडके झाले. थोड्या मेंढ्या कमी करा, झाडं येऊ द्या. हॉजवॉटरजवळ इंग्लंडमधला शेवटचा सोनेरी गरुड राहत असे. २००४ साली त्याची जोडीदारीण गेली. त्यानंतर अकरा वर्षं तो एकटाच आकाशात घिरट्या घालून तिला बोलवत राहिला. २०१५ नंतर तोही दिसला नाही. मेंढपाळांचं म्हणणं, आम्ही नसू तर हा प्रदेश तुम्हाला आवडतो तसा राहणारच नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. पण एकाच दरीत आता काही ठिकाणी मेंढ्याही चरतात आणि नवी रोपंही लावतात.

डोंगरावरच्या पायवाटांचं काय? हजारो बुटांनी आणि पावसाने त्या झिजून नाल्यासारख्या होतात. २००१ पासून स्वयंसेवक त्या दुरुस्त करतात. दगड वर नेऊन एकेक बसवतात. काही ठिकाणी दलदलीत वाट खचू नये म्हणून खाली चक्क मेंढीची लोकर अंथरतात. सुटीच्या दिवशी शहरातून येऊन दिवसभर दगड वाहणारेही त्यांत असतात. तेही पाहुणेच की!

आता तुमची पाळी

मुलांनो, तुमच्या शाळेची सहल जाईल. किल्ल्यावर, समुद्रावर, एखाद्या तळ्याकाठी. तिथे तुम्ही पाहुणे असाल. आणि तुमच्यापैकी काहींच्या गावात दर शनिवारी-रविवारी गाड्या भरभरून लोक येत असतील. तिथे तुम्ही घरचे. दोन्ही वेळेला पुढच्या गोष्टी करून पाहा.

सहलीला गेलात तर तिथल्या एका माणसाशी बोला. दुकानदार असो, गुराखी असो. त्यांना विचारा, 'काका, आमच्यासारखे लोक आल्यामुळे तुमच्याकडे काय बरं झालं आणि काय वाईट?' उत्तर वहीत लिहून ठेवा. पाण्याची बाटली आणि खाऊचे कागद जसे नेले तसे परत आणा.

आणि तुमचंच गाव पाहुण्यांचं असेल, तर आजोबांना किंवा आजीला एक काम सांगा. आपल्या डोंगराची, ओढ्याची, शेतांची, वाटांची जुनी नावं सांगायला लावा. कुठवर आपलं रान, कुठून पुढे शेजारच्या गावचं, हेही विचारा. हर्डविक मेंढीचं कोकरू आईमागे चालत हेच शिकतं. तुम्ही ती नावं कागदावर उतरवा. लिहायला अर्थातच शिसपेन्सिल घ्या. खोडता येतं, आणि पावसात भिजली तरी तिची अक्षरं शाईसारखी पसरत नाहीत.